नऊशे लिटर पाणी अन् मामांचे गुडघे

लातुरात हॉट टब म्हणलं की लोक आधी तोंडाकडं बघतात, मग हसतात, मग २०१६ ची आठवण काढतात. त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. ज्या गावात १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली तेव्हा लोक गाडी बघायला स्टेशनवर गेले, त्या गावात कुणी अंगणात नऊशे लिटर पाणी भरून त्यात बुडबुडे सोडून बसतंय म्हणजे जरा जास्तच झालं. मी पण त्या उन्हाळ्यात टँकरमागं घागरी घेऊन पळालेली बाई आहे, त्यामुळं दिरांनी पुण्याहून हा हवा भरायचा टब पाठवला तेव्हा माझं पहिलं वाक्य "परत पाठवा" हेच होतं.

पण मामांचे गुडघे. मामा म्हणजे सासरे. पंचवीस-तीस वर्षांमागं ते किनवटकडं उनकेश्वरला जाऊन आले होते, तिथल्या गरम कुंडात पाय सोडून बसल्यावर कसं मोकळं वाटलं ते आजपण कुणी पाहुणा आला की सांगतात. दिरांनी ते लहानपणापासून ऐकलेलं, हातात पैसा आला अन् त्यांनी उनकेश्वरच घरी पाठवून दिलं. फरक एवढाच की उनकेश्वरचं पाणी जमिनीतून येत राहतं अन् वाहून जातं, आपलं पाणी एकाच जागी थांबतं, ते पण ३८ डिग्रीवर. कोमट, थांबलेलं अन् त्यात माणसांचा घाम, म्हणजे जंतूंना आपण स्वतःच विरजण लावून द्यायलोय. ही गोष्ट मला कळायला एक सीझन गेला. अन् मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, हे लिहिताना लाज वाटायलीय पण लिहिते.

आधी जागा. मामांना गच्चीवर पाहिजे होता, संध्याकाळचं आभाळ बघत बसायला. गवंडीमामांना विचारलं तर त्यांनी निस्तं स्लॅबकडं बघितलं अन् मान हलवली. घरी येऊन मी हिशोब केला, नऊशे किलो पाणी, तीन-चार माणसं, टबाचा व्यास दोन मीटरचा, म्हणजे चौरस मीटरला चारशे किलोच्या आसपास भार, अन् साधी गच्ची दीडशे किलोच्या हिशोबानं धरलेली असते. त्यामुळं टब खाली पोर्चमध्ये, फरशीवर. वायरमनकडून अर्थिंग तपासून घेतलं, करंट लीक झाला की पाडणारा ब्रेकर बसवला. पाण्यात बसलेल्या माणसापाशी विजेची गंमत नको, इथं पैसे वाचवू नका.

मग भरला बोअरच्या पाण्यानं. इथंच पहिली चूक. आमचं बोअरचं पाणी म्हणजे काळ्या खडकातून झिरपून आलेलं, बादलीला पांढरा थर, नळाला मिठागर, डाळ शिजता शिजत नाही असलं. पाणी तपासायच्या पट्ट्या मिळतात, बुडवली की रंग बदलतो अन् डबीवरच्या रंगाशी जुळवायचं. जडपणाचा चौकोन अगदी शेवटच्या रंगावर जाऊन थांबला. टबासाठी तो साधारण १५० ते २५० पीपीएम, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम, असावा, आमचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणलं जाऊ दे, प्यायचंय का आपल्याला.

क्लोरीन पाहिजे एवढं माहीत होतं. माझं माहेर निलंग्याकडचं, वडील ग्रामपंचायतीत होते, त्यामुळं क्लोरीन म्हणजे टीसीएल, ब्लीचिंग पावडर. पावसाळ्यात जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर कालवायचा अन् मग काचेच्या नळीत पाणी घेऊन ओटी टेस्ट करायचा, दोन थेंब टाकले की पाणी पिवळं झालं म्हणजे पास. ते पिवळं पाणी बघायला आम्ही पोरं गर्दी करायचो. तर मी ओळखीतून टीसीएल आणली, बादलीत कालवली, टबात ओतली, हीटर चालू केला अन् झोपले.

सकाळी टबात दूध.

खोटं नाही सांगत, वरून बघितलं तर तळ दिसंना. टीसीएलमध्ये चुना असतो, आमच्या पाण्यात आधीच चुना, त्यात उष्णता अन् वरून बुडबुडे, सगळा कॅल्शियम कार्बोनेट होऊन पाण्यात तरंगायला लागला. मी बारावीच्या पोरांना हीच रिॲक्शन फळ्यावर लिहून देते अन् आयएमपी म्हणून गोल करायला लावते. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, बघितलं अन् त्या काही न बोलता आत जाऊन तुरटी घेऊन आल्या. "गढूळ पाण्याला काय लागतंय, माझ्या सासूनं सारं आयुष्य असंच काढलं" म्हणत टबात तुरटी फिरवली. घागरीत हे जमतंय कारण घागर रात्रभर हलत नाही, गाळ खाली बसतो, वरचं पाणी ओतून घेता येतं. टबात पंप चालू. सगळा गाळ लोण्यासारखा फिल्टरला जाऊन चिकटला, पाणी फिरेना, पॅनेलवर एरर, हीटर बंद. नऊशे लिटर पाणी तीन दिवसात मोरीला. शेजारच्या काकूंनी कंपाउंडवरून बघितलं अन् "रेल्वे परत बोलवा म्हणावं" एवढंच म्हणल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता पाण्याचं कसं करते ते सांगते. आमच्याकडं अंगणात पाच हजार लिटरचा झाकणाचा हौद आहे, गच्चीचा पाइप त्यात सोडलाय. मृगाचा पहिला पाऊस बाहेर काढून देते, त्यात गच्चीची धूळ, कबुतरांची घाण, वाळलेला पाला सगळं निघून जातं, नंतरचं धरते. पावसाचं पाणी एकदम हलकं, साबण लावला तर फेस धुता धुत नाही, पण टबाला नुसतं तेच चालत नाही, फार हलकं पाणी हीटरच्या धातूला खातंय अन् फेसही लई होतो. म्हणून निम्मं पावसाचं, निम्मं बोअरचं. पट्टी आता बरोबर मधल्या रंगावर येते. हे मला कुणी सांगितलं नाही, घरच्या दोन पाण्यांचं लग्न लावून बघितलं अन् जमलं.

दुसरी भानगड पीएचची. टबाला ७.२ ते ७.८ पाहिजे. आमचा रोज वर. संध्याकाळी ७.५ करून ठेवावा, बुडबुडे लावून मामा अर्धा तास बसले की ८ च्या पुढं. मला वाटलं पट्ट्या खराब निघाल्या. मग डोक्यात उजेड पडला, सोड्याची बाटली हलवली की काय होतंय? गॅस निघून जातो. बुडबुड्यांनी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो अन् त्याबरोबर पाण्याचा आंबटपणा जातो, पीएच चढतो. अन् पाण्यात अल्कलिनिटी, म्हणजे ॲसिड पचवायची ताकद, जितकी जास्त तितकं हे जास्त. बोअरच्या पाण्यात ती भरपूर. ८० ते १२० ला आणली की पीएच जागेवर बसायला लागतो, त्यासाठी ड्राय ॲसिड म्हणजे सोडियम बायसल्फेट थोडं थोडं टाकायचं, टाकलं की तास-दोन तास थांबून परत मोजायचं. फारच खाली गेली तर खायचा सोडा आहेच घरात. संडास धुवायचं ॲसिड टाकू नका, त्यात रंग अन् काय काय असतंय.

पीएचचं एवढं कौतुक कशाला तर क्लोरीनसाठी. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतंय, एक मारणारं अन् एक आळशी. पीएच साडेसातला निम्मं कामाचं, आठला जेमतेम पाव. म्हणजे पट्टी क्लोरीन ३ दाखवते अन् तुम्ही खूश, पण त्यातलं बरंचसं नुसतं हजेरी लावून बसलेलं.

टीसीएल सोडली. आता डायक्लोर नावाची पावडर वापरते, त्यात चुना नसतो, लगेच विरघळते. आमच्या नऊशे लिटरला एक सपाट चमचा, साधारण ५ ग्रॅम, टाकला की क्लोरीन ३ पीपीएमनं वाढतं. पण तिचंही एक शेपूट आहे, तिच्याबरोबर सायन्युरिक ॲसिड येतंय, ते पाण्यातून जात नाही, साठत राहतंय अन् हळूहळू क्लोरीनचे हात बांधून टाकतंय. रोज चमचा टाकला तर महिन्यात ते ८० च्या पुढं जातंय. म्हणून पहिले दहा-बारा दिवस डायक्लोर अन् मग हायपो, कोरोनात सगळ्या सोसायट्यांनी फवारलं तेच सोडियम हायपोक्लोराइट, सेंट न घातलेलं, बिनफेसाचं. पाच टक्क्यांचं असलं तर पन्नास-साठ मिलीत तेवढंच काम होतंय. फक्त आपल्या उन्हात ते टिकत नाही, मार्चनंतर बाहेर ठेवलेला कॅन मे महिन्यात निम्मं पाणीच असतो, त्यामुळं छोटा कॅन आणायचा अन् अंधाऱ्या गार जागी ठेवायचा. अन् एक हात जोडून सांगते, टीसीएल अन् डायक्लोर एकाच चमच्यानं काढू नका, एकत्र मिसळून त्यांना ओल लागली तर पेट घेतात. क्लोरीन अन् ॲसिड तर कधीच एकत्र नाही, एक टाकलं की पाणी फिरू द्यायचं, मग दुसरं. अन् पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी नाही.

आता दिवाळीची गोष्ट. ही सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

भाऊबीजेला माझ्या दोन्ही नणंदा आल्या, पोरं पाच. अभ्यंगस्नानाचं तेल अंगावर, उटणं कानामागं अन् तशीच टबात. दुपारी दोन तास, संध्याकाळी परत. मी स्वयंपाकघरात, अनारसे तळायलेले, मला बघायला वेळ नाही. रात्री लाइट गेली ती सकाळी सहाला आली, इन्व्हर्टरवर हा हीटर-पंप काही चालत नाही. म्हणजे रात्रभर पाणी झाकणाखाली गरम अन् गप्प. सकाळी झाकण काढलं, पाणी काचेसारखं, तळाची शिवण दिसायली. थोडा क्लोरीनचा उग्र वास होता, मी म्हणलं बरंय, क्लोरीन भरपूर दिसतंय. पोरं परत आत.

दोन दिवसांनी धाकट्या भाच्याच्या चड्डीच्या पट्ट्याखाली लाल पुरळ. मग दुसऱ्याला. मग तिघांना, सगळ्यांना तिथंच, जिथं ओला कपडा अंगाला चिकटून बसला होता, मांड्या, कंबर, पोट. प्रत्येक पुरळाच्या मधोमध केस अन् टोकाला बारीक पू. नणंद म्हणली घामोळ्या, आत्याबाई म्हणल्या नजर, मीठ-मोहरी उतरवून झाली. स्किनच्या डॉक्टरांनी बघितलं अन् पहिला प्रश्न केला, "पोहायला गेले होते का कुठं?" स्यूडोमोनास नावाचा जंतू, गरम टबातल्या पाण्यातून केसांच्या मुळाशी शिरतो. बहुतेक वेळा आठवडा-पंधरवड्यात आपोआप जातो, गेला पण. पण मी नणंदेच्या तोंडाकडं बघू शकले नाही.

अन् तो वास! तो क्लोरीन भरपूर असल्याचा नव्हताच, उलटा होता. घाम अन् मूत यातल्या नायट्रोजनला लागून क्लोरीन संपलं की क्लोरामाइन होतंय, नाकात जातंय ते तेच. पाच पोरं दोन तास पाण्यात म्हणल्यावर दोन्ही गोष्टी आल्याच, कुणाला विचारायची गरज नाही. मी त्या दिवशी सकाळी पट्टी बुडवली असती तर मोकळं क्लोरीन शून्य दिसलं असतं. डोळ्यांनी स्वच्छ दिसलं म्हणून मोजलं नाही.

टब रिकामा केला अन् बुडबुड्यांच्या पाइपच्या तोंडात बोट घातलं. शेवाळलेल्या रांजणाला आतून असतंय तसं बुळबुळीत. पट्टीवर क्लोरीन किती का असेना, या थराच्या आत जंतू चादर पांघरून बसल्यासारखे आरामात असतात, भरलेलं नवं पाणीपण दोन दिवसात बिघडवतात. तेव्हापासून पाणी काढायच्या आदल्या रात्री पाइप साफ करायचं औषध टाकून पंप चालवते. पहिल्यांदा टाकलं तेव्हा कडेला जो करडा-तपकिरी फेस आला तो बघून आत्याबाईंनी पदर नाकाला लावला.

दिवाळीनंतरचे नियम घरात भांडून लागू झालेत. सगळ्यात मोठं भांडण मामांशी. ते गुडघ्याला निर्गुडीचं तेल चोळून अर्धा तास मुरवून मग टबात बसायचे, पाण्याच्या रेषेवर बोटभर काळपट किट जमायचं. मी म्हणलं आधी साबणानं आंघोळ. "आंघोळीच्या आधी आंघोळ? अन् मग टब कशाला घेतलाय गं?" हे वाक्य त्यांनी वट्टा पाहुण्यांना सांगितलंय. शेवटी तह झाला, तेल टबातून बाहेर आल्यावर. गरम गुडघ्यात तेल जास्त मुरतंय असं आता तेच लोकांना सांगतात.

मामांची वेळ पंधरा मिनिटं, कारण बीपीची गोळी चालू आहे, डॉक्टरांना आधी विचारून घेतलंय. पाणी ३८ च्या वर नाही, ४० ही कुणासाठीही शेवटची हद्द. उठताना कुणीतरी हात द्यायचा, गरम पाण्यातून एकदम उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते. शुगरमुळं पायाला कळत नाही अशांनी, गरोदर बायकांनी नकोच. टब वापरायच्या आधी पट्टी, वापरल्यावर क्लोरीन, मग पंधरा मिनिटं झाकण उघडं. क्लोरीन ३ च्या खाली असलं तर कुणी आत जायचं नाही, पाहुणा असला तरी.

फिल्टर आठवड्याला. तो घडीच्या पंख्यासारखा कागदी दिसतो, प्रत्येक घडीत केस, साबण, मळ. आरओचं वाया जाणारं पाणी मी एका ड्रममध्ये धरते, त्याच पाण्यानं पाइप लावून वरून खाली घडी घडी धुते. ब्रशनं घासू नका, धागे निघतात. दोन फिल्टर ठेवलेत, एक टबात, एक दोरीवर वाळत. काकूंना वाटलं होतं मी दोरीवर काहीतरी कंदील लावलाय.

लाइटचं म्हणाल तर हीटर दोन किलोवॅटचा, पहिल्यांदा भरल्यावर २६ डिग्रीचं पाणी ३८ ला न्यायला साडेबारा युनिट लागतात, वाऱ्यात जाणारं वेगळं, म्हणजे आठ-नऊ तास. नंतर झाकण घट्ट असलं तर जास्त पडत नाही. एप्रिल-मेमध्ये टब भरतच नाही, इथं नळालाच गरम पाणी येतंय. फेब्रुवारी संपला की रिकामा, दोन दिवस उन्हात उलटासुलटा वाळवून मगच घडी, ओला बांधला तर जूनमध्ये बुरशी.

मधल्या काळात वाचताना एक गोष्ट सापडली, मामांना लई आवडली. असल्या बुडबुड्यांच्या टबाला जकुझी म्हणतात, ते आडनाव आहे. इटलीतून अमेरिकेत गेलेलं कुटुंब, शेतीच्या विहिरीचे पंप बनवायचे. त्यातल्या एकाच्या लहान मुलाला संधिवात झाला, दवाखान्यात गरम पाण्याचे उपचार घ्यायला लागायचे, तर बापानं घरच्या टबात सोडता येईल असा पंप बनवला. "म्हणजे मोटारवालाच की आपला," मामा म्हणले. त्यांची निम्मी जिंदगी विहिरीवरची मोटार दुरुस्त करण्यात गेलेली, तेव्हापासून टबाच्या पंपाकडं ते वेगळ्या नजरेनं बघतात, आवाज जरा बदलला की "हवा धरली" म्हणून मला बोलवतात अन् बहुतेक वेळा हवा धरलेलीच असते.

पाणी कधी बदलायचं याचा एक अमेरिकी हिशोब आहे, टबाचे गॅलन भागिले तीन भागिले रोजची माणसं. आमचा साधारण २३८ गॅलनचा, एकटे मामा बसतात, म्हणजे ७९ दिवस. आत्याबाई पण बसायला लागल्या तर ४०. हे मी काकूंना कागदावर करून दाखवलं, नऊशे लिटर भागिले ७९, दिवसाला साडेअकरा लिटरपण नाही, तुमच्या गीझरच्या एका बादलीपेक्षा कमी. त्यांनी कागद नीट बघितला अन् विचारलं, "अन् आधीची आंघोळ?" ती धरली नव्हती मी. ती एक बादली आहेच.

काढायच्या वेळी पाणी मोरीला जात नाही आता. क्लोरीन टाकणं बंद करून झाकण काढून चार-पाच दिवस उन्हात, पट्टी शून्य दाखवली की अर्धं संडास-अंगणाला, अर्धं झाडांना. त्यात मीठ वाढलेलं असतंय म्हणून कुंड्यांना, तुळशीला नाही, अन् एकाच झाडाला दरवेळी नाही. मागच्या वेळी कडुलिंबाला दिलं, यावेळी काकू म्हणल्या आमच्या नारळाला सोडा, अन् पाइप त्यांनीच कंपाउंडवरून ओढून घेतला.

पट्टी बुडवायचं काम हल्ली मामा करतात. चष्मा लावून, डबी उजेडात धरून, रंग जुळवायला पाच मिनिटं घेतात अन् आत्याबाईंना साक्षीला बोलवतात. आकडे कॅलेंडरवर लिहितात, जिथं आत्याबाई दुधाचा हिशोब लिहितात त्याच चौकोनात, त्यावरून दोघांचं रोज होतंय. कालच्या चौकोनात आहे: क्लोरीन ३, पीएच ७.६, दूध दीड लिटर, लाइट नाही ४ ते ७.